नदीने खणलेली विहीर : नाणेघाट ते निघोज

घळई हा शब्द आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात प्रथम वाचतो. त्या धड्यात बहुधा अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनचे चित्र असते. सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक खोल अशी ती घळई पाहून मन थक्क होते. परंतु धडा संपला की घळई ही कुठल्यातरी दूरच्या देशातील गोष्ट आहे, अशीच समजूत मागे राहते. आपल्या सह्याद्रीत उगम पावणाऱ्या, अवर्षणग्रस्त मुलखातून वाहणाऱ्या एका लहानशा नदीनेही तेच काम केले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. ही नदी म्हणजे कुकडी.

गेल्या डिसेंबरात आमच्या भूगोल विभागाची अभ्यास सहल निघाली. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली होती. पहाटे अंधारातच निघून प्रथम थेट नाणेघाट गाठायचा आणि मग नदीच्या सोबतीने उतरत उतरत निघोजच्या रांजणखळग्यांपर्यंत यायचे, असा बेत होता. वाटेत डोंगर, किल्ले, लेणी, धरणे, बाजारपेठा आणि शेवटी घळई असे सर्व काही एका दिवसात पाहावयास मिळाले. त्या प्रवासात जे पाहिले आणि जे समजले, ते क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या मुलखाच्या दगडाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण त्यावाचून पुढचे काहीच उमगणार नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी उभा न करता पाण्यासारखा पसरला आणि थंड झाला. मग दुसरा थर आला, तिसरा आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. आजही या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. याच खडकाला बेसॉल्ट म्हणतात. प्रत्येक थराचा खालचा व मधला भाग घट्ट, काळा आणि कठीण असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे तो सच्छिद्र आणि मऊ असतो. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक थर थंड होऊन त्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात झिजलेल्या खडकाची ती माती होय.

सर हे सर्व गाडीत समजावून सांगत होते, तेव्हा मला राहून राहून माझ्या आजीची आठवण होत होती. आजी शाळेत गेली नाही. १९७२ च्या दुष्काळात तिने आजोबांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढे गावातल्या कितीतरी विहिरींच्या कामावर ती होती. तिच्या बोलण्यात मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू असे शब्द सहज येतात. मांजऱ्या लागला की सुरुंग कमी लागतात आणि पाझरही फुटतो. काळा पाषाण लागला की कंबर मोडते आणि पाणीही मिळत नाही, असे ती सांगते. सरांनी फळ्यावर काढलेली आकृती आणि आजीचे शब्द यांत मला मुळीच अंतर वाटले नाही. एकाच दगडाची ती दोन नावे होती.

सूर्य उगवता उगवता आम्ही घाटघर गाव ओलांडून नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचलो. येथे पठार एकाएकी संपते. पायांखाली सरळ तुटलेला कडा आणि खाली धुक्यात बुडालेले कोकण! पुढे आलेल्या सुळक्यास नानाचा अंगठा म्हणतात. दक्षिणेस जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारी वानरलिंगी हा उंच सुळका दिसतो. पावसाळ्यात वारा इतक्या जोराने वर येतो की कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडते. आम्ही गेलो तेव्हा मात्र सर्वत्र पिवळे पडलेले गवत होते.

या कड्यातील एका नाळेतून दगड फोडून काढलेली वाट म्हणजे नाणेघाट. सोपारा, कल्याण या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. घाटाच्या तोंडाशी एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन घराण्यातील राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांच्या दानांची यादी आहे. दानांचे आकडे अक्षरांत न लिहिता चिन्हांनी लिहिले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. तेथे राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. ते नाहीसे झाले, पण त्यांची कोरलेली नावे शिल्लक आहेत. बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

मला त्या गुहेइतकेच महत्त्वाचे वाटले ते वाटेवरचे कातळातले पाण्याचे टाके. येथील जुन्या शिलालेखांत टाक्यासाठी ‘पोढी’ असा शब्द येतो. राजाराणीने यज्ञ केले असतील. परंतु ओझे घेऊन हा घाट चढणाऱ्या बैलाला आणि हमालाला तहान लागणार, हे ज्याने ओळखले आणि कातळात टाके खोदविले, त्याला मुलखाची खरी जाण होती. पाऊस एवढा पडत असताना टाके कशाला हवे, असा प्रश्न आमच्यातील एकाने विचारला. त्याचे उत्तर घाटघरातच मिळाले.

परतताना आम्ही गावात थांबलो. येथे मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी, वरई ही पिके आणि हिरडा गोळा करणे हा आधार. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींना मी विचारले, “आजी, पाऊस लई पडतो ना इथं?” त्या म्हणाल्या, “पडतो गं बाई. दार उघडू देत नाही. पण सगळा खाली पळतो. चैत लागला की हंडा घेऊन आम्हीच त्याच्या मागं पळतो.”

एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी पाण्याचा सारा भूगोल सांगितला. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली घट्ट कातळ. त्यामुळे आलेले पाणी मुरण्याऐवजी धावत सुटते. ते जेथे साठते ती जागा खाली आहे. तेथवर उतरणारा रस्ताही पाण्याच्या मागोमागच जातो.

पूर या गावी कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे; तेथे कुकडीचा उगम मानतात. पुढे चावंडचा किल्ला डाव्या उजव्या हाताला सरकत राहतो आणि मग माणिकडोह धरणाचा निळा जलाशय दिसू लागतो. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत : माणिकडोह आणि येडगाव ही कुकडीवर, वडज मीना नदीवर, डिंभे घोड नदीवर आणि पिंपळगाव जोगे आर नदीवर. घाटमाथ्यावरून पळालेले पाणी या धरणांत अडविले जाते आणि कालव्यांनी दूर पूर्वेला, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत नेले जाते. कोरड्या तालुक्यांना याचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. परंतु ज्या आजींच्या दारात पाऊस पडला, त्या धरणाच्या वर राहतात. पाणी चढत नाही. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिचा अर्थ त्या रस्त्यावर डोळ्यांना दिसतो.

जुन्नर हे आज तालुक्याचे साधे गाव दिसते. परंतु याच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री असे त्यांचे गट आहेत. ही लेणी कोणी एका राजाने खोदविलेली नाहीत. शिलालेखांत दान देणारे व्यापारी आहेत, यवन आहेत, बांबूकाम करणाऱ्यांची आणि कांस्यकारांची श्रेणी आहे. बुरूड आणि कासार यांच्या पेशाचे पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी संघटित होते आणि लोक त्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवीत होते, हे वाचून मला अभिमान वाटला. घाटाने माल आणला, मालाने पैसा आणला आणि त्या पैशाने दगडात घरे कोरली. दगडाचीही निवड होती. एकसंध, जाड थर जेथे मिळाला तेथे दालने नीट झाली. लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला आपण पायऱ्या चढून जातो, ते मंदिरही अशाच एका लेण्यात आहे. शिवनेरीवर १६३० साली शिवछत्रपतींचा जन्म झाला, हे तर सर्वांस ठाऊक आहे. त्या किल्ल्याची ताठ उभी कातळभिंत हीसुद्धा लाव्ह्याच्या घट्ट थराचीच कड आहे.

जुन्नर सोडल्यावर देखावा झपाट्याने बदलतो. डोंगर मागे हटतात आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, टोमॅटो, ऊस दिसू लागतो. ओझरचा विघ्नहर येडगावच्या जलाशयाच्या काठी आहे. नारायणगाव हे टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशासाठी प्रसिद्ध. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक येथे येऊन फडांच्या राहुट्यांत सुपारी ठरवितात. ज्येष्ठ कलावती विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या.

ही हिरवाई कालव्याची देणगी आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. ऊस उंच आणि दाट असतो, वर्षभर उभा असतो. बिबट्याने त्यालाच रान मानले. आज जुन्नर तालुक्यात बिबट्याची मादी उसाच्या फडात पिले घालते आणि तोडणीच्या वेळी ती पिले मजुरांना सापडतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी आणि कोपीत झोपणारी ऊसतोड कामगारांची मुले यांच्या जिवाला यातून घोर लागला आहे. पाण्याची वाट बदलली की जनावरांची आणि माणसांचीही वाट बदलते, ती अशी.

नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतील काही येथे जवळजवळ आणि इतर दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली. हीच जागा का निवडली? कारण शहरांच्या रेडिओ लहरींचा गोंगाट येथे कमी पोहोचतो आणि भोवतालचे डोंगर त्याला आडोसा देतात. म्हणजे ज्या डोंगरांनी आमचा पाऊस अडविला, त्यांनीच आकाश ऐकण्यास शांतता दिली!

तेथून आम्ही बोरी बुद्रुकला गेलो. येथे कुकडीच्या काठच्या गाळात पांढुरक्या राखेचा एक थर आहे. चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ. ही राख आपल्या लाव्ह्याची नव्हे. ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. या परिसरात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे सापडली असल्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात येथे अभ्यास केला. राखेच्या वयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची आहे, तर काही ती कितीतरी जुनी मानतात. वय काहीही ठरो. समुद्रापलीकडून आलेली राख एका लहान नदीने आपल्या गाळात जपून ठेवली, हे खरे.

बोरीच्या पुढे बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेले बेल्हे आणि मग अळकुटी असा रस्ता लागतो. आता आपण पर्जन्यछायेच्या प्रदेशात आलो. येथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. उघडे माळ, बाभळी, ज्वारी, मेंढरांचे कळप. कालव्याच्या खालच्या बाजूला हिरवे आणि वरच्या बाजूला पिवळे, अशी जणू कोणी रेघ ओढावी तसा फरक दिसतो. कालवा समपातळीने, अगदी थोडा उतार देत जातो. त्याच्या खाली शेत असेल तर पाणी आपोआप येते; वर असेल तर डोळ्यांनी पाहावे आणि परत फिरावे. माझे गाव अशाच वरच्या अंगाला आहे. घाटघरच्या आजी धरणाच्या वर आणि आम्ही कालव्याच्या वर. त्यांच्याकडे चौपट पाऊस, आमच्याकडे तुटपुंजा. तरी उन्हाळ्यात दोघींच्या डोक्यावर हंडा सारखाच.

अशा गावांना विहिरीवाचून गती नाही. आमच्या घरी गेले वर्षभर हाच वाद चालू आहे. वडिलांचे म्हणणे, कर्ज काढून आणखी एक बोअर घ्यावी. आजीचे म्हणणे, बोअर घेऊ नये, विहिरीच्या वरच्या ओढ्याला बांध घालावा. मागे घेतलेल्या दोन बोअर कोरड्या गेल्या आहेत. हा वाद मनात असतानाच मी निघोजला उतरले.

निघोज पारनेर तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आणि पलीकडचे टाकळी हाजी शिरूर तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. मध्ये कुकडी. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची स्थाने आहेत आणि चैत्रात मोठी यात्रा भरते. दुरून पाहता सपाट माळ वाटतो. काठाशी गेल्यावर एकाएकी काळ्या कातळात कोरलेली घळई दिसते. तिच्या तळाशी आणि कडांवर गोल, लांबट, एकात एक मिसळलेले असंख्य रांजणासारखे खळगे. बाजू इतक्या गुळगुळीत की पाथरवटाने घासून काढल्यासारख्या.

हे कसे घडले? लाव्हा थंड होताना आकसतो, म्हणून कातळात चिरा असतात. पुराचे पाणी चिरेत शिरून गरगरते. त्या भोवऱ्यात गारगोट्या आणि कठीण दगडगोटे सापडतात. ते जात्यातल्या दाण्यासारखे फिरत राहतात. स्वतः झिजतात आणि कातळालाही झिजवितात. गोट्याचे पीठ झाले की दुसरा पूर नवा गोटा आणून टाकतो. खळगा खोल होतो, शेजारच्या खळग्याची भिंत फुटते, दोन्ही एक होतात. असे हजारो वर्षे होत होत नदीला खोल मार्ग सापडतो. या बारीक बारीक रांजणांची मिळूनच ती घळई झाली. काही खळग्यांत आजही तळाशी गोल गोटे पडलेले दिसतात. येथे एक सूचना करणे अवश्य आहे. कडा निसरड्या आहेत, पाणी फार खोल आहे आणि पोहणाऱ्यालाही गुळगुळीत भिंतीला धरून वर येता येत नाही. छायाचित्रासाठी काठावर उतरू नये.

मी मात्र खळग्यांपेक्षा घळईच्या भिंतीकडे अधिक वेळ पाहत होते. भिंतीत कातळाचा अखंड घट्ट भाग होता; त्यात उभ्या चिरा होत्या. जेथे चीर होती तेथेच डिसेंबरातही ओल होती, तेथेच गवताचा तुरा होता. बाकीचा कातळ ठणठणीत कोरडा. घळई म्हणजे नदीने खणून उघडी ठेवलेली विहीरच! आमच्या जमिनीखाली जे आहे आणि जे आम्हांला कधी दिसत नाही, ते येथे उजेडात उभे होते. घट्ट बेसॉल्टच्या पोटात पाणी नसते. ते चिरांत, झिजलेल्या मुरमात आणि सच्छिद्र मांजऱ्यात असते. सहा इंचाची बोअर चिरेवर पडली तर पाणी, नाही तर धूळ. शिवाय चिरेत असलेले पाणी तरी कोठून येणार? वरून मुरले तरच. न मुरविता उपसत राहणे म्हणजे ठेव न ठेवता बँकेतून पैसे काढणे होय.

म्हणून पाझर तलाव, नालाबांध, समतल चर ही कामे दिसायला लहान असली तरी मोलाची आहेत. याच पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने पाणलोटाच्या कामातून गावाचे रूप पालटून दाखविले. धरण आणि कालवा यांचे महत्त्व मी कमी करीत नाही. परंतु जी गावे रेघेच्या वर आहेत, त्यांना धावत्या पाण्याला चालायला आणि चालत्या पाण्याला थांबायला लावावे लागेल. घाटघरला पाऊस भरपूर असूनही तेच करावे लागेल आणि आमच्या गावी पाऊस अपुरा असल्यामुळे तर त्याहून अधिक. नाणेघाटातील पोढी खोदणाऱ्यांनी हेच केले होते.

सहलीनंतर मी वहीतील आकृती वडिलांना दाखविली. कोणता थर कोठे, चीर कोठे, पाणी कोठे, हे समजावून सांगितले. आजी शेजारी बसली होती. ती म्हणाली, “हे तर मी कवाचं सांगते.” वडील काही बोलले नाहीत, पण कर्जाचा अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही आणि ओढ्याची मोजणी मात्र केली आहे. माझ्या घरात महाविद्यालयात शिकणारी मी पहिलीच. शिक्षणाने मला आजीपेक्षा शहाणे केले, असे मी म्हणणार नाही. तिच्या शहाणपणाला कागदावर आणण्याचे बळ मात्र त्याने दिले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, दूरचे देखावे पाहण्याची इच्छा जरूर बाळगावी. परंतु त्याआधी आपल्या गावच्या ओढ्याच्या उगमापासून संगमापर्यंत एकदा जावे. कुकडी पुढे घोडला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. तुमच्या ओढ्याचीही अशीच एक वाट असेल. त्या वाटेने जाताना कोठे काळा पाषाण आहे, कोठे मांजऱ्या, कोठे रेघेच्या वरचे गाव आणि कोठे खालचे, हे वहीत टिपून आणावे आणि ते घरी वाचून दाखवावे.

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)